ताईंना विचारा : घरात किमो चालू असताना

मागच्या महिन्यात किमोनंतरच्या उलट्यांवर दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा नुसता पाऊस पडला. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडून. सगळी घेता येणार नाहीत म्हणून पाच घेतली, नावं काढलीत आणि गावंही जरा इकडची तिकडे केलीत. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. 31 वर्षं सिव्हिलला सिस्टर होते, पण ती सगळी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात गेली. कॅन्सर मी शिकले तो घरी, आईच्या खाटेशेजारी, आणि त्यातलं बरंचसं चुका करून शिकले. त्यामुळे कोणती गोळी किती द्यायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, बाकीचं मला विचारा.

ताई, माझ्या सासूबाईंना छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आता किमो चालू आहे. दर 21 दिवसांनी जळगावला नेतो, तीन झाल्या. किमो झाली की आठ-दहा दिवस काहीच खात नाहीत. मी कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, वरण, फळं, ज्यूस सगळं पुढे ठेवते, दोन घास खाऊन ताट सरकवतात. ननंद सुरतला असते, ती रोज व्हिडिओ कॉल करते आणि म्हणते आई वाळत चालली, तुम्ही तिला देता तरी काय? तिने गुळवेलाचा काढा आणि पपईच्या पानांचा रस द्यायला सांगितलंय, शेजारच्या काकू म्हणतात साखर एकदम बंद करा, साखरेवर कॅन्सर वाढतो. आता अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ननंद पंधरा दिवस राहायला येणार, मला आत्तापासूनच धडकी भरलीये. काय खायला द्यायचं ते एकदा लिहून द्या, मी कागद भिंतीला चिकटवते. (एक सून, पारोळा तालुका)

कागद देते, पण आधी एक सांग. तुझ्या पत्रात ननंद काय म्हणते ते आहे, काकू काय म्हणतात ते आहे, तू दिवसभर काय करतेस ते तर सगळंच आहे, फक्त सासूबाई काय म्हणतात ते कुठेच नाहीये. त्यांना विचारलंस का? आणि "आई, काय करू?" असं नको विचारूस, त्यावर आपल्याकडच्या बाया एकच उत्तर देतात, "काही करू नको." दोन गोष्टींची नावं घेऊन विचार, मुगाची खिचडी का रव्याची पेज? म्हणजे निदान एकाला तरी नाक मुरडतील, आणि नाक मुरडलं की कळतं कशाचा वास नको झालाय.

माझ्या आईने तिसऱ्या किमोनंतर सहा दिवस पाणी आणि चहाशिवाय तोंडात काही घेतलं नव्हतं. मी काय काय रांधत होते, सूप म्हणू नका, सत्त्व म्हणू नका. सातव्या दिवशी शेजारी कुरडया चालल्या होत्या, खिडकीतून वास आला आणि आई खाटेवरून म्हणाली, चीक असेल तर आण थोडा. वाटीभर गरम चीक आणला, वर दूध आणि साखर घातली, तिने सगळी वाटी संपवली आणि चमचा चाटून परत दिला. मला आनंद झाला हे खरं, पण खोटं कशाला बोलू, आधी रागच आला, सहा दिवस मी काय झक मारत होते का!

आता हे असं का होतं ते समजून घे म्हणजे ननंदेलाही सांगता येईल. किमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतं. कॅन्सरच्या पेशी तशा असतातच, पण तोंडातलं आतलं कातडं, आतड्याचं अस्तर, केसांची मुळं आणि हाडात जिथे रक्त तयार होतं तो मगज, यांच्याही पेशी भराभर वाढणाऱ्याच, त्यामुळे मार त्यांनाही बसतो. म्हणून तोंड येतं, चव जाते, पोट बिघडतं, केस जातात. अशा तोंडाला कळण्याची भाकरी म्हणजे सॅंडपेपर. ती किमोच्या तिसऱ्या आठवड्यात दे, तोंड बरं झालेलं असतं तेव्हा आवडीने खातील, दुधात कुस्करून दिलीस तर अजून बरं. पहिले दहा दिवस मऊ, कोमट, कमी तिखट. मोठं ताट समोर ठेवूच नको, ते बघूनच पोट भरतं. वाटी दे, दर दोन तासांनी. मुगाची खिचडी, कढी साधी, वरणाचं दाट पाणी, पूर्ण उकडलेलं अंडं खात असतील तर अंडं, पनीर, शेंगदाण्याचं कूट घातलेली पेज. केळी आपल्याकडे घरचीच, जाड सालीची, तोंड आलेल्याला गिळायला सोपी, तीच दे, सफरचंद महाग आहे म्हणून जास्त ताकदीचं असतं असं काही नाही. काळ्या मसाल्याची फोडणी त्यांच्या खोलीपासून लांब द्यायची, नाहीतर पंधरा मिनिटं त्यांना अंगणात बसवायचं. जिभेला लोखंडासारखी चव लागते म्हणत असतील तर स्टीलचा चमचा काढून लाकडी किंवा प्लॅस्टिकचा दे, हसू नको, फरक पडतो. उलटीची गोळी उलटी झाल्यावर नाही, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला आधीच द्यायची, जेवणाआधी साधारण अर्धा तास म्हणतात. त्या गोळीने बरेचदा शौचाला घट्ट होतं, तेही डॉक्टरांना सांग, लाजून बसू नका.

तोंडासाठी मीठ आणि खायचा सोडा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक-एक लहान चमचा, दिवसातून चार-सहा वेळा चूळ भरायची, गिळायचं नाही. सोडा म्हणजे सोडाच, बेकिंग पावडर नाही. रोज नवीन करायचं. ब्रश लहान मुलांचा, मऊ.

काढा आणि पानांचा रस बंद. गुळवेलाने लिव्हरला त्रास झालेले पेशंट आहेत आणि किमोची बरीच औषधं लिव्हरमधूनच जातात, म्हणजे एकाच बैलाला दोन गाड्या. द्यायचाच असेल तर आधी किमोच्या डॉक्टरांना विचारून, आणि ननंदेला सांग की तूच फोन करून विचार त्यांना. साखरेचं म्हणशील तर डायबेटिस नसेल तर चिकात दोन चमचे साखर घातल्याने कॅन्सर वाढत नाही, पण न खाल्ल्याने वजन उतरलं तर पुढची किमो लांबू शकते.

कच्चं मात्र नको. कोशिंबीर, कापून ठेवलेली फळं, गाड्यावरचा उसाचा रस, न तापवलेलं दूध, हे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असताना नको. पाणी उकळून गार केलेलं, माठ रोज घासून.

आणि आता कागदावर सगळ्यात वर काय लिहायचं ते सांगते, ते खाण्याचं नाहीच. ताप 100.4 किंवा त्याच्या वर गेला तर लगेच हॉस्पिटल. रात्री दोन वाजले तरी.

हे मी मोठ्या अक्षरात लिहिते त्याला कारण आहे. मे महिना होता, जळगावचा मे, दुपारी 45. आईच्या दुसऱ्या किमोला नऊ दिवस झाले होते. रात्री अकराला अंग कढत लागलं, थर्मामीटर लावला तर 101. मी सिस्टर, 31 वर्षांची नोकरी, आणि मी काय केलं? उन्हाची कणकण असेल म्हणून तापाची गोळी दिली, कपाळावर ओली पट्टी ठेवली, कूलर तिच्याकडे वळवला आणि झोपले. ताप उतरला ना. पहाटे उठवायला गेले तर हात गार, बोलणं तुटक, बीपी लागेना. सहा दिवस आयसीयू. डॉक्टर ओरडले नाहीत, फक्त म्हणाले सिस्टर तुम्ही तरी. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, तेव्हा शरीराकडे लढायला शिपाईच नसतो, साधा जंतूही काही तासांत रक्तात पसरतो. तापाची गोळी नुसता आकडा खाली आणते, आतलं चालूच राहतं. म्हणून गोळी देऊन वाट बघायची नाही. कॅज्युअल्टीत गेल्यावर पहिलं वाक्य "किमो चालू आहे, आज अमुकवा दिवस" हेच, केसपेपर नंतर काढा. डिजिटल थर्मामीटर दीड-दोनशेला मिळतो, उशाशी ठेव.

अजून एक, किमोत लाल रंगाचं इंजेक्शन असेल तर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते औषधाचा रंग असतो, रक्त नाही. मागे एका घरात यावरून रात्री गाडी करून जळगाव गाठलं होतं.

राहिली ननंद. एक शंभर पानी वही घे आणि आजपासून लिहायला लाग, तारीख, किमोचा कितवा दिवस, ताप, किती वाट्या खाल्लं, शौचाला झालं का, उलटी किती. चार ओळींचं काम आहे. अखाजीला ती आली की वही तिच्या हातात द्यायची, थर्मामीटर द्यायचा, उलटीच्या गोळ्या कुठे ते दाखवायचं आणि तू माहेरी जायचं. मी गंमत नाही करत. अखाजी लेकींचा सण आहे, तूही कोणाची तरी लेक आहेस, चार दिवस झोके घेऊन ये. चार दिवस आईला तिच्या हाताने भरवलं की व्हिडिओ कॉलवरची भाषा आपोआप बदलते, असं मी तीन घरांत बघितलंय. एका घरात नाही बदलली, पण तिथली सून चार दिवस झोपली तरी.

सासऱ्यांना आतड्याचा कॅन्सर आहे, किमो घेऊन घरी येतात. घरात दोन नातवंडं आहेत, त्यांची ताट-वाटी वेगळी ठेवायची का? मुलांना जवळ जाऊ द्यायचं का? (यावल)

कॅन्सर शिवल्याने, उष्टं खाल्ल्याने, मांडीवर बसल्याने होत नाही. ताट वेगळं काढू नका, माणसाला त्या ताटाचंच जास्त लागतं. उलट काळजी घ्यायची ती दुसऱ्या बाजूने, पोरांना सर्दी-ताप-कांजिण्या काही असेल तर त्यांनाच आजोबांपासून लांब ठेवायचं, कारण पेशी आजोबांच्या कमी आहेत. किमोनंतरचे दोन दिवस, 48 तास धरा, औषध लघवी-शौचातून बाहेर पडतं, तेव्हा संडासात दोनदा भरपूर पाणी टाकायचं, उलटीचं भांडं आणि खराब झालेले कपडे उचलताना रबरी हातमोजे घालायचे, कपडे वेगळे धुवायचे. घरात कोणी गरोदर असेल तर हे काम तिला द्यायचं नाही. आणि त्या आतड्याच्या किमोतल्या एका औषधाने थंड वस्तूला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात, घशात काटे टोचल्यासारखं होतं. सासरे फ्रिजचं पाणी पिऊन दचकत असतील तर नाटक करत नाहीयेत.

नमस्कार ताई. आमचे आप्पा, वय 62, केळीचे शेतकरी. 40 वर्षं तंबाखू. गालाचं आणि जबड्याचं ऑपरेशन मुंबईला झालं, मग सहा आठवडे शेक (रेडिएशन) घेतले, आता घरी आहेत, नाकातून नळी आहे आणि सगळं त्यातूनच देतो. आम्ही त्यांना कॅन्सर सांगितलेला नाही, दाढेची गाठ होती असं सांगितलंय. मोठे काका म्हणतात सांगितलं तर हाय खाऊन जातील. पण आप्पा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात, बोलतच नाहीत, भेटायला माणसं आली की डोळे मिटतात. पाहुणे रोज पंधरा-वीस. सांगावं का त्यांना? (एक मुलगा, चोपडा तालुका)

भाऊ, आप्पांना माहीत आहे.

मी त्यांना बघितलेलं नाही तरी पैजेवर सांगते. सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, ते शेकाच्या बाहेरच्या बाकड्यावर बसले होते, आजूबाजूला तीस-चाळीस माणसं, कोणाचा अर्धा गाल गेलेला, कोणाच्या गळ्याला भोक. तिथे माणसं एकमेकांना हेच विचारतात, तुमचं कुठलं? तुमचे किती शेक झाले? आणि 1941 पासून परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटल आहे, आपल्या खान्देशातलं एक गाव दाखवा मला जिथल्या माणसाला "मुंबईला नेलं" याचा अर्थ कळत नाही. फाइलवर, बोर्डावर, गोळ्यांच्या पाकिटावर सगळीकडे लिहिलेलं असतं. 40 वर्षं तंबाखू खाणाऱ्याने तर दाढेची गाठ ऐकल्याबरोबर ओळखलं असेल.

माझ्या मामांचं असंच होतं. आम्ही सगळे पाच महिने अल्सर अल्सर करत होतो. शेवटी एक दिवस त्यांनी मला एकटीला बसवलं आणि म्हणाले, "माले समदं मालूम शे. पन तुम्हले बरं वाटस म्हनीसन मी गप बसनू." म्हणजे आम्ही त्यांना सांभाळत नव्हतो, ते आम्हाला सांभाळत होते, तेही त्या दुखण्यात.

तेव्हा "सांगावं का" हा प्रश्नच मला बरोबर वाटत नाही. विचारावं. दुपारी घर शांत असताना, काकांना शेतात पाठवून, खाटेवर पायाशी बसा आणि विचारा, आप्पा, तुम्हाला काय वाटतं, काय झालं होतं? आणि मग गप्प बसा. हेच अवघड आहे, आपण लगेच "काही नाही हो, बरे व्हाल" करून तोंड बंद करतो त्यांचं. त्यांना बोलायला त्रास होत असेल, जबड्याच्या ऑपरेशननंतर शब्द नीट उमटत नाहीत, लाळ गळते, आणि जो माणूस ग्रामसभेत बोलायचा त्याला आपलं बोलणं समोरच्याला कळत नाही याची लाज वाटते. पाटी-पेन्सिल द्या किंवा वही. खिशाला मऊ रुमाल. "मला काही ऐकायचं नाही" असं लिहिलं त्यांनी तर तेही मान्य करा, तो त्यांचा हक्क आहे, पण मग ते त्यांचं उत्तर झालं, काकांचं नाही. ते विचारतील किती दिवस, बरा होईन का, तर अंदाज मारू नका, पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर त्यांनाच विचारू द्या, तुम्ही बाहेर डॉक्टरांना खुणा करत उभे राहू नका, या खुणा मी पुष्कळ बघितल्यात.

आता नळीचं. कोण देतं नळीतून? तुम्ही किंवा तुमची मिसेस, बरोबर ना, आणि आप्पा छताकडे बघत पडलेले. त्यांनाच शिकवा. पुष्कळ पेशंट स्वतःचं स्वतः घेतात. केळीला ठिबक लावलेल्या माणसाला नळी का चोंदते हे शिकवावं लागत नाही, लॅटरल धुतली नाही तर ड्रिपर बंद पडतात, इथेही तेच, प्रत्येक वेळी आधी पाणी, नंतर पाणी. जे द्यायचं ते मिक्सरमध्ये एकदम बारीक आणि मग गाळून. बसूनच घ्यायचं, आणि घेतल्यावर अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर ते वर येऊन फुप्फुसात जातं. सिरिंज दाबून जोर करायचा नाही, उंच धरायची, आपल्या वजनाने जाऊ द्यायचं. नाकापाशी नळीवर पेनाने खूण करून ठेवा, खूण सरकलेली दिसली किंवा देताना खोकला-धाप लागली तर थांबायचं आणि सिस्टर-डॉक्टरकडे जायचं, घरी आत ढकलायची नाही. दर दोन-अडीच तासांनी घड्याळ बघून आप्पा उठून बसले, सिरिंज हातात घेतली, की दिवसाला काम मिळतं. शिवाय मिक्सरमध्ये काय घालायचं ते त्यांनी सांगायचं. चव लागत नसली तरी आज दाळ आहे का अंडं हे माणसाला ठरवावंसं वाटतं.

शेकाच्या जागेवर तेल, हळद, पावडर काही लावू नका, मऊ सुती कपडा, बस. तोंड उघडायचा व्यायाम सांगितला असेल तर तो चुकवायचा नाही, शेकानंतर जबडा आखडत जातो, आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायला देतात, आज सात मावल्या, पुढच्या आठवड्यात आठ. दात दुखला म्हणून गावातल्या कोणाकडून उपटून आणायचा नाही, शेक घेतलेल्या हाडाची जखम भरत नाही, आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायचं.

पाहुणे पंधरा-वीस म्हणजे जत्रा झाली. दारात खुर्च्या टाका, चहा तिथेच, आप्पांना आधी विचारायचं की अमुक आलेत, आत पाठवू का. ते नाही म्हणाले तर "झोपलेत." लोक बोलतील. बोलू द्या.

आणि एक न विचारलेलं, रागावू नका. तुमच्या खिशात पुडी आहे का? गुटखाबंदी 2012 पासून आहे आणि गुटखा कुठे मिळतो ते चौथीतल्या पोरालाही माहीत आहे आपल्याकडे. वडिलांची सिरिंज धुतलेल्या हाताने चुना मळणारी पोरं मी बघितलीत.

आईला दर तीन आठवड्यांनी मुंबईला न्यावं लागतं, गाडीभाडं, राहणं, औषधं मिळून जीव मेटाकुटीला आला. काही सवलती असतात का? (भुसावळ)

असतात, आणि निम्मे लोक त्या पहिल्या चार फेऱ्या झाल्यावर ऐकतात. रेल्वेचा कॅन्सर सवलतीचा फॉर्म हॉस्पिटलमधून सही-शिक्क्याने भरून घ्या. त्यावर पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीमध्ये भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यात 75 टक्के सूट. तिकीट काउंटरवरून काढायचं, मोबाइलवरून नाही, आणि कागद प्रवासात जवळ ठेवायचा. एसटीतही सवलत आहे, आणि महिलांना तर 2023 पासून अर्धं तिकीट आहेच. उपचारासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे, उपचार सुरू व्हायच्या आधी, नंतर नाही. टोल-फ्री नंबर 155388. कोणतं इंजेक्शन योजनेत बसतं आणि कोणतं पदरचं हे त्यालाच तोंडावर विचारून वहीत लिहून घ्या. मुंबईत राहायला दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, अशा आणखीही आहेत, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारा. दरवेळी नेणं खरंच गरजेचं आहे का हेही विचारा, काही किमो तिथे ठरवून दिल्या तर जळगाव-धुळे-नाशिकला घेता येतात. तुम्ही विचारलं नाही तर कोणी आपणहून सांगायला येत नाही, गर्दीच तेवढी असते.

आई 71 वर्षांची, कॅन्सर हाडात गेलाय, दुखणं थांबावं म्हणून शेक चालू आहेत. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्यात, चार-चार तासांनी. भाऊ म्हणतो ती अफूची गोळी आहे, सवय लागेल, त्याने कपाटात कुलूप लावून ठेवल्यात, आई ओरडायला लागली की मगच एक देतो. मी शहाद्याची, माहेरी येऊन राहिलेय, मला बोलता येत नाही त्याच्यापुढे. (एक लेक)

ताई, तुम्हाला बोलता येत नसेल तर हे पान उघडून त्याच्या ताटाशेजारी ठेवा.

दादा, गोळी अफूपासूनच होते, खरं आहे तुमचं. पण नशेसाठी घेणारा आणि दुखण्यासाठी घेणारा यांची गोष्ट वेगळी. डॉक्टरांच्या हिशोबाने, घड्याळ लावून दिलेल्या मॉर्फिनने कॅन्सरचा पेशंट सहसा व्यसनी होत नाही. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्याने हे औषध इतकं बांधून ठेवलं होतं की दुखणाऱ्या माणसापर्यंत पोचेना, म्हणून 2014 मध्ये तो कायदा बदलून वाट सोपी केली. सरकारने काढलेलं कुलूप तुम्ही कपाटाला लावलंत. गोळी लहान मुलांच्या हाताला लागू नये म्हणून कुलूप असू द्या, पण किल्ली आईची शुश्रूषा जो करतो त्याच्याकडे.

दुखायला लागल्यावर गोळी दिली की ती दुखण्याच्या मागे पळते, आणि तोवर आई तासभर ओरडलेली असते. दुखायच्या आधी दिली तर कमी डोसात भागतं. चार तास म्हणजे चार तास, सहा, दहा, दोन, सहा, दहा. रात्री मधे उठवायला लागू नये म्हणून काही डॉक्टर झोपतानाचा डोस बदलून देतात, विचारा. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येईल, मळमळेल, मग कमी होतं. शौचाला मात्र घट्ट होणारच, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं, दिलं नसेल तर आजच मागून घ्या. गोळी एकदम बंद करायची नाही. हाक मारून हलवूनही जागी होत नसेल, श्वास फार सावकाश चालला असेल तर लगेच डॉक्टर.

आता किती दुखतं ते कसं कळायचं? डॉक्टर विचारतात शून्य ते दहामध्ये सांगा, आईच्या वयाच्या बाईला त्यात काय कळतंय. माझी आई दरवेळी "लई" म्हणायची, दहाही लई आणि चारही लई. मग मी आण्यांत विचारायला लागले. आई, सोळा आण्यांतलं किती आणे दुखतंय? तेव्हा बरोबर सांगायला लागली, सकाळी चौदा आणे, गोळीनंतर तासाने सहा आणे, रात्री कूस बदलताना बारा आणे. तेच मी वहीत लिहायचे आणि डॉक्टरांना दाखवायचे, त्यांनी त्यावरून डोस लावला, वरून म्हणाले हा हिशोब मी बाकीच्यांनाही सांगतो. एकदा संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, "दोन आना. तू जेवनी का?" मी सकाळपासून जेवले नव्हते, ते तिच्या लक्षात आलं होतं, दुखणं कमी झालं की माणसाला बाकीचं दिसायला लागतं.

वही आजपासून सुरू करा, एका बाजूला वेळ, एका बाजूला आणे. दहा-बारा आण्यांच्या खाली येतच नसेल तर डोस कमी पडतोय, निमूट सोसू नका, फोन करा. आणि सकाळी सहाच्या गोळीचा गजर भावाच्या मोबाइलमध्ये लावा, तुमच्या नाही.